डॅश नावाचं गाव

आमच्या कॉलेजात सर पुष्कळ होते, पण नुसतं ‘सर’ म्हटलं की एकच माणूस डोळ्यांपुढे यायचा. बाकीच्यांना आडनाव लावावं लागे. पाटील सर म्हटलं तर कोणते, इतिहासाचे की जिमखान्याचे, तेही सांगावं लागे. भूगोलाच्या विभागप्रमुखांना ना आडनाव लागलं, ना विषय. स्टाफरूममध्ये कुणी कपाळाला हात लावून ‘सरांनी परत पाठवलं’ एवढं म्हटलं, की कागद कुणाच्या टेबलावरून परत आलाय आणि का, हे सगळ्यांना कळायचं. कुठेतरी एखादी रिकामी जागा कुणीतरी अंदाजाने भरलेली असणार.

मी तिथे वाणिज्य शिकवते आणि गुणवत्ता कक्षाचं काम बघते. गुणवत्ता कक्ष म्हणजे एक खोली, दोन कपाटं आणि मी. वर्षभरात कॉलेजात जे घडलं त्याचा पुरावा गोळा करायचा, आणि जे घडलं नाही त्याचाही, असं ढोबळमानाने कामाचं स्वरूप. माझा स्वभाव यादीचा आहे. फ्रिजवर यादी, पर्समध्ये यादी, आणि कोणती यादी कुठे आहे त्याची एक यादी. मला रिकामा रकाना बघवत नाही. सरांना भरलेला बघवत नसे. आम्ही दोघांनी एकाच व्हरांड्यात इतकी वर्षं काढली, याचं श्रेय मधल्या भिंतीला आहे.

मी जळगावहून, मेहरूणमधून यायची, सर धुळ्याहून. कॉलेज मधोमध, एरंडोल आणि पारोळ्याच्या दरम्यान, हायवेला लागून. सर एसटीने यायचे. ‘सर, उद्या किती वाजता पोचाल?’ असं विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं: ‘पोचल्यावर सांगतो.’ चहा छान झालाय म्हटलं की, ‘कशावरून?’ गर्दी चांगली होती म्हटलं की, ‘मोजली?’ एकदा एका सहकाऱ्याचे वडील गेले. सगळे भेटायला गेलो. कुणीतरी रीतीप्रमाणे म्हणालं, ‘आबांचं वय झालं होतं म्हणा.’ सर खाली बघून हळूच म्हणाले, ‘घरच्यांनाच माहीत नाही किती होतं. झालं होतं असं आपण कसं म्हणायचं?’ त्यानंतर भेटायला जाताना त्यांना दुसऱ्या गाडीत बसवायची पद्धत पडली.

कॉम्प्युटरवर सर माऊसला हात लावत नसत. काळा पडदा उघडायचा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरात हुकूम टाइप करायचा, अशी त्यांची रीत. ‘बोट दाखवून लहान पोर मागतं,’ ते म्हणायचे. ‘मोठ्या माणसाने काय पाहिजे ते नीट तोंडाने सांगावं.’ दोन बोटांनी टाइप करायचे, पण प्रत्येक अक्षर असं मारायचे की शेजारच्या माझ्या खोलीत कपाटाची काच थरथरायची. हुकूम चुकला तर कॉम्प्युटर इंग्रजीत तक्रार करायचा. सर ती मोठ्याने वाचायचे आणि ‘बरोबर आहे’ असं म्हणायचे. कॉम्प्युटर सोडून दुसऱ्या कुणाला ते ‘बरोबर आहे’ म्हणाल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

पहिल्या जूनची गोष्ट सांगायला हवी, कारण बाकी सगळं तिथूनच येतं.

पहिल्या जूनला आमच्याकडे सामुदायिक वाढदिवस असतो. आमच्या आधीच्या पिढीत खेड्यातली आई पोराला शाळेत घेऊन जायची, जन्मतारीख तिला ठाऊक नसायची, आणि गुरुजी शाळा उघडायचा महिना बघून एक जून लिहून टाकायचे. त्यामुळे कागदावर बघितलं तर खानदेशातल्या बायका ठरवून एकाच दिवशी बाळंत झाल्या, आणि उरलेलं वर्षभर सुईणींना काही काम नव्हतं. कॉलेजात निम्मा वरिष्ठ स्टाफ एक जूनचा. सुट्टी असली तरी प्रवेशाच्या कामाला सगळे आलेले असत. मोठा केक यायचा, त्यावर नावं मावत नाहीत म्हणून नुसतं ‘सर्वांना शुभेच्छा’ लिहिलेलं असायचं.

सरांचाही वाढदिवस एक जून. सगळे सुरीला हात लावायचे, सर हात पाठीमागे बांधून उभे.

‘सर, या ना!’

‘हा माझा वाढदिवस नाही. हा गुरुजींच्या कंटाळ्याचा वाढदिवस आहे. त्यांना बोलवा कापायला.’

मग केक कापून झाला की पुढे होऊन कोपऱ्यावरचा, फूल असलेला तुकडा घ्यायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, ‘तारीख खोटी आहे. केक खरा आहे.’

तरुणपणी ते ही तारीख बदलायला कचेरीत गेले होते म्हणे. तिथला बाबू सज्जन होता. म्हणाला, ‘खरी तारीख सांगा, बदलून देतो.’ सर म्हणाले, ‘खरी मला माहीत नाही. ही खोटी आहे एवढं माहीत आहे. ही काढून टाका आणि जागा मोकळी ठेवा.’ बाबूने त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं आणि पाणी मागवलं. जागा मोकळी ठेवता येत नाही, असा नियम निघाला. खोटी तारीख चालते, मोकळी चालत नाही. सर तिथून निघाले ते एक मत घेऊनच, आणि पुढे आयुष्यभर ते मत आमच्या कागदांवर काढत राहिले.

हे सगळं विनोदाने सोसण्यासारखं होतं. मग मूल्यांकन समिती यायची ठरली.

समितीला पूर्वी फोटो चालायचे. आता नुसता फोटो चालत नाही. मोबाइलने फोटो काढला की त्याच्या पोटात एक न दिसणारी चिठ्ठी जाते: कधी काढला, कुठे काढला, कशाने काढला. समितीला फोटो या चिठ्ठीसकट हवा होता. आणि आमचे फोटो आलेले सगळे कॉलेजच्या ग्रुपवरून. ग्रुपवर फॉरवर्ड झाला की चिठ्ठी गळून पडते. म्हणजे आमच्याकडे वृक्षारोपण होतं, पाहुणे होते, हार होते, खड्डा होता, कधीकधी झाडही होतं. पण हे कधीचं आणि कुठलं, असं फोटोला विचारलं तर फोटो गप्प.

काळ्या पडद्यामुळे काम सरांकडे गेलं. ज्याने फोटो काढला त्याच्या मोबाइलवरचा मूळ फोटो मिळवायचा आणि त्याच्या पोटातली चिठ्ठी हुकूम देऊन आमच्या प्रतीत उतरवायची. एका हुकमात शेकडो फोटो होतात. प्रश्न एकच उरतो: मुळातच चिठ्ठीवर एखादी गोष्ट नसली तर? सरांचा नियम असा होता: ‘मूळ फोटोत असेल तर उचला. नसेल तर दुसऱ्या ठिकाणी बघा. तिथेही नसेल तर हात जोडा आणि पुढे व्हा.’

प्राचार्य म्हणाले, ‘आणि हात जोडलेल्या फोटोंचं काय करायचं?’

‘त्यांना नमस्कार.’

प्राचार्यांनी सुचवलं की फाइल कॉम्प्युटरवर ज्या दिवशी आली ती तारीख तरी घ्या. सरांचा चेहरा एकदम एक जूनसारखा झाला. ‘तो फोटोच्या जन्माचा दिवस नाही. तो शाळेत नाव घातल्याचा दिवस आहे.’

सर हळू जातात म्हणून प्राचार्यांनी थोडे फोटो कॉम्प्युटर विभागाच्या एका हुशार प्राध्यापकांना परस्पर दिले. त्यांनी हुकमात एक सोय जोडली. माहिती नसेल तिथे डोळ्यांना कळावं म्हणून ती सोय एक आडवी रेघ, डॅश दाखवते. दाखवण्यापुरतं ठीक होतं. यांनी ते दाखवलेलंच उचलून फोटोंत भरलं. मग त्यावरून गाववार तक्ता निघाला, तक्त्यावरून अहवाल निघाला, आणि संस्थेच्या बैठकीत प्राचार्यांनी तो वाचायला घेतला. सर्वाधिक उपक्रम राबवलेलं गाव, असं म्हणून ते थांबले. पुढे कागदावर एक आडवी रेघ होती.

संस्थेचे अध्यक्ष, त्यांना सगळे नाना म्हणतात, कान देऊन ऐकत होते. ‘कोणतं गाव म्हणालात?’

‘नाना, ते... डॅश.’

‘कोणत्या तालुक्यात येतं?’

प्राचार्य माझ्याकडे बघायला लागले, मी छताकडे. मागच्या रांगेतून सरांचा आवाज आला. ‘पारोळ्याच्या पुढे आहे, नाना. फाट्यावर उतरायचं. फाटा मात्र नाही.’

नानांनी मान डोलावली. ‘तिकडे रस्त्यांची दुर्दशाच आहे,’ असं म्हणाले.

बैठकीनंतर सर स्टाफरूममध्ये येरझाऱ्या घालत होते. एवढे खूश आणि एवढे चिडलेले मी त्यांना एकाच वेळी कधी बघितलं नव्हतं. ‘रिकामी जागा म्हणते, माहीत नाही. संपलं. डॅश काय म्हणतो? डॅश म्हणतो, मी इथे बसलोय ना, तुम्ही पुढे चला. पुढचा माणूस चालतोच. नाना चालले की नाही?’

आता नसरीन मॅडमकडे येते, कारण गंमत तिथे संपली.

नसरीन आमच्या भूगोल विभागात तासिका तत्त्वावर होती. म्हणजे काम कायम प्राध्यापकाचं आणि नाव दरवर्षी नव्याने. पारोळ्याची, वडिलांचं गाद्या-रजयांचं दुकान. तिने लागोपाठ काही उन्हाळे एरंडोलकडच्या एका गावातल्या विहिरींची पाणीपातळी विद्यार्थ्यांना घेऊन मोजली होती. आमच्या सगळ्या उपक्रमांत ज्यात खरोखर काही केलं गेलं असा तो एक. समिती येणार त्याच वर्षी भूगोलाची एक कायम जागा मंजूर झाली. मुलाखतीत कोणतं काम धरायचं, तर मूल्यांकनाच्या फाइलीत पुराव्यासह असेल तेवढंच, असं ठरलं. विहिरी फाइलीत गेल्या तर नसरीन उमेदवार. नाही गेल्या तर पुढच्या जूनमध्ये पुन्हा तासिकांसाठी अर्ज.

आणि विहिरींचे फोटो आले होते ग्रुपवरून. चिठ्ठी गळालेली. विभागप्रमुखाची सही लागत होती, आणि विभागप्रमुख कोण ते सांगितलंच आहे.

प्राचार्य स्वतः आले. ‘सर, मे महिन्यातली एखादी तारीख टाका. एवढं कोण बघतं?’

‘मी बघतो.’

‘अहो, तुम्ही सोडून!’

‘मग मला सोडा.’

प्राचार्य गेले. नसरीन दारात उभी होती, मी तिच्या मागे, हातात यादी घेऊन, कारण यादीत विहिरींपुढे अजून बरोबरची खूण नव्हती. ती कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशीही चढवला नाही.

‘सर, विहिरी आपण मोजल्या की नाही?’

‘मोजल्या.’

‘तुम्ही स्वतः टेप धरला होता.’

‘धरला होता.’

‘मग सही का नाही करत?’

‘मी टेप धरला होता हे मला माहीत आहे. कोणत्या दिवशी, ते मला आठवत नाही. फोटोलाही आठवत नाही. दोघांनी मिळून खोटं कशाला बोलायचं?’

‘तत्त्व तुमचं आहे, सर,’ नसरीन म्हणाली. ‘नोकरी माझी जातेय.’

सरांचं बोट एका अक्षरावर होतं, ते तिथेच राहिलं. पडद्यावर तेच अक्षर ओळभर उमटत गेलं. मला वाटलं, आता एखादा दाखला येणार, बाबूचा किंवा गुरुजींचा. त्यांनी बोट उचललं, सगळं पुसलं आणि विचारलं, ‘मूळ फोटो कुणाच्या मोबाइलवर काढले होते?’

‘सुनीताच्या. त्याच गावची मुलगी. लग्न होऊन नाशिकला गेली.’

‘मोबाइल?’

‘जुना होता. माहेरीच असेल.’

सर माझ्याकडे वळले. ‘मॅडम, रविवारी तुमची गाडी काय करते?’

‘आराम करते.’

‘कशावरून?’

रविवारी आम्ही तिघं गेलो. सुनीताची आई, अक्का, अंगणात धान्य पाखडत होती. मोबाइलचं विचारल्यावर तिने सूप खाली ठेवलं.

‘तो फोन तं वावरमा शे,’ अक्का म्हणाली. ‘राखणीले.’

सुनीताच्या वडिलांनी स्वतःच्या आवाजातल्या आरोळ्या त्या मोबाइलवर भरून घेतल्या होत्या आणि रानडुकरं पळवायला तो भोंगा जोडून मक्यात टांगला होता. आम्ही बांधावरून गेलो तेव्हा एका खांबावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत, भूगोल विभागाचा पुरावा ‘हाऽऽ! हुर्र्याऽऽ! निंघ, निंघ!’ असं ओरडत होता. सरांनी अदबीने पिशवी सोडली. पहिल्या विहिरीच्या काठाशी माझी गाडी उभी होती, तिच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवला, वायर जोडली, काळा पडदा उघडला. आरोळ्या कशा बंद करायच्या ते कुणालाच माहीत नव्हतं. प्रत्येक हुकमानंतर मोबाइल ‘निंघ, निंघ!’ म्हणत होता, आणि सर त्याला म्हणत होते, ‘काम झाल्यावर निघतो.’

फोटो होते. सगळ्या विहिरींचे होते. चिठ्ठीही होती. सरांनी वाचून दाखवलं: तारीख आहे, वेळ आहे. मग आणखी एक हुकूम दिला.

‘जागा नाही.’

‘म्हणजे?’ नसरीन म्हणाली.

‘लोकेशन बंद होतं.’

‘सुनीताच म्हणायची, बॅटरी खातं ते.’ नसरीनने डोळे मिटले आणि उघडले. ‘सर, विहीर ही काय, समोर आहे! आपण तिच्या काठावर उभे आहोत. इथली जागा घ्या आणि टाका.’

मला ते पटलं. कुणालाही पटावं. सरांना पटलं नाही.

‘आपण आज उभे आहोत. त्या दिवशी फोटोला जागा माहीत नव्हती. आज आपण त्याला पढवायचं आणि साक्षीला उभं करायचं?’

‘म्हणजे पुन्हा रिकामी?’

‘त्या फोटोत रिकामी.’ सरांनी स्वतःचा मोबाइल काढला आणि लोकेशन चालू केलं. ‘सुनीता कुठे उभी होती? तिथे मी उभा राहतो. तुम्ही टेप धरा, त्या फोटोत मी धरलाय तसा. कठड्याचा तो फुटका कोपरा आला पाहिजे, मागचा लिंब आला पाहिजे. हा आजचा फोटो. याला आजची तारीख माहीत आहे आणि जागाही माहीत आहे. दोन्ही शेजारी लावा. जुन्याला तारीख ठाऊक, नव्याला जागा ठाऊक, आणि फुटका कोपरा दोघांत एकच. बघणारा बघेल.’

प्रत्येक विहिरीवर हे झालं. सर काठावर मागे मागे सरकत होते आणि मी त्यांचा शर्ट धरून उभी होते, कारण विभागप्रमुख विहिरीत पडल्याचा रकाना माझ्या कोणत्याच तक्त्यात नव्हता. अक्का मागून येऊन बघत होती.

‘काय शोधी राह्यनात मास्तर एवढं?’ तिने मला विचारलं.

‘तारीख,’ मी म्हटलं.

‘मंग कॅलेंडर शे ना घरमा!’

दुपारी तिने ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा वाढला. सर खाली मान घालून जेवत होते. अक्काने वाढता वाढता विचारलं, ‘मास्तर, तुमनं वय काय?’

मी ठेच्यापेक्षा जास्त त्या प्रश्नाने दचकले. सर म्हणाले, ‘माले माहीत नही.’

वर्गात, बैठकीत, भांडणात सर शुद्ध पुस्तकी मराठी बोलत. त्यांच्या तोंडून अहिराणी मी पहिल्यांदाच ऐकली.

‘मनंबी माले माहीत नही,’ अक्का म्हणाली. तिला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. ‘माय काय सांगे?’

‘कपाशी येचाना टाइमले व्हयना, आसं सांगे.’

‘मंग दिवाळीना आसपास.’

‘आसपास,’ सर म्हणाले. मग आमच्याकडे वळून, एकदम पुस्तकी मराठीत: ‘जूनमध्ये पेरणी असते. जूनमध्ये कपाशीला बोंडं कुठून येणार? माझी आई निरक्षर होती, गुरुजी साक्षर होते. कागद गुरुजींनी लिहिला.’ आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. नसरीन त्यांच्याकडे बघत होती.

इकडे प्राचार्य स्वस्थ बसले नव्हते. सरांनी नमस्कार करून सोडलेले सगळे फोटो त्यांनी एका एजन्सीला दिले. ‘एका दिवसात सगळे रकाने भरून मिळतील’ असं एजन्सी म्हणाली होती, आणि शब्दाला जागली. एकही रकाना रिकामा नव्हता. तो तक्ता इतका सुंदर होता की मला एक-दोन दिवस एजन्सीबद्दल आदर वाटला.

समिती आली. समितीचे अध्यक्ष दाक्षिणात्य होते, हळू आवाजात हिंदी बोलायचे. मोठ्या पडद्यावर फाइल उघडली. वृक्षारोपणाचा फोटो आला, प्राचार्यांनी दोन वाक्यं बोलून घेतली. अध्यक्षांनी फोटोखालच्या जागेवर क्लिक केलं. नकाशा उघडला. खानदेश दिसला, मग मागे पडला, मग अरबी समुद्र गेला, आफ्रिका आली, तीही ओलांडली, आणि पडदा निळा होऊन थांबला.

‘नेटवर्क का प्रॉब्लेम है, सर,’ प्राचार्य म्हणाले.

अध्यक्षांनी रक्तदान शिबिरावर क्लिक केलं. निळा. स्वच्छता अभियान. निळा.

‘सब कुछ यहीं हुआ है?’ अध्यक्षांनी विचारलं. ‘ये जगह कौन सी है?’

प्राचार्यांनी सगळ्या सभागृहावरून नजर फिरवली. ती नजर सांगत होती की कुणीही बोला, पण भूगोलाने बोलू नका. सर उठून उभे राहिले होते. पस्तीस-चाळीस वर्षं ज्या प्रश्नाची माणूस वर्गात वाट बघतो तो प्रश्न कुणीतरी शेवटी विचारला होता.

‘गल्फ ऑफ गिनी, सर. शून्य अक्षांश, शून्य रेखांश. जिधर मालूमात नहीं थी, उधर एजन्सी ने शून्य भर दिया. नजदीक की जमीन घाना. झाड जिंदा रहने का सवाल ही नहीं आता, नीचे पानी है.’

‘और तारीख?’

तारखेतही शून्य भरलं होतं, आणि कॉम्प्युटरच्या हिशेबात शून्य म्हणजे एक जानेवारी एकोणीसशे सत्तर. सरांनी तेही समजावलं. अध्यक्षांनी विचारलं, ‘कॉलेज कब शुरू हुआ?’

‘उसके बाद,’ प्राचार्य म्हणाले. दिवसभरातलं त्यांचं ते एकमेव वाक्य, ज्यावर सरांनी ‘कशावरून’ विचारलं नसतं.

मग विहिरी आल्या. दोन-दोन फोटो शेजारी. डावीकडच्यात तारीख होती, जागा नव्हती. अध्यक्ष पुढे झुकले. ‘यहाँ जगह क्यों खाली है?’

नसरीन उठली. तिने दुपट्ट्याचं टोक मुठीत धरलं होतं, ते मला मागून दिसत होतं. ‘क्योंकि फोटो को मालूम नहीं थी, सर. लोकेशन बंद था. इसलिए हमने दोबारा जाकर उसी जगह से फोटो लिया. दोनों में दीवार का टूटा हुआ कोना देखिए.’

अध्यक्षांनी बघितलं. चष्मा काढून बघितलं, लावून बघितलं. मग म्हणाले, ‘आगे की सब कुएँ दिखाइए.’ सगळ्या विहिरी बघायला बराच वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात रक्तदानाचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही.

आम्हाला हवी ती श्रेणी मिळाली नाही. ‘भूगोलाने बुडवलं,’ असं प्राचार्य कित्येक दिवस सांगत. कुठे बुडवलं ते सर सांगत. अहवालात एकाच उपक्रमाचं नाव घेऊन कौतुक होतं, आणि मुलाखतीच्या समितीला ते ओलांडून पुढे जाता आलं नाही. नसरीन ऑर्डर आणि पेढे घेऊन विभागात आली तेव्हा सरांनी आधी ऑर्डर मागितली. तारीख बघितली, सही बघितली, शिक्का बघितला. मग पेढा घेतला. अभिनंदन केल्याचं मला आठवत नाही. दुसरा पेढाही घेतला, तेच असावं.

त्यानंतर सरांची वेळ आली. एक जूनला जन्मलेला माणूस नियमाने एकतीस मेला निवृत्त होतो, त्यामुळे आमच्याकडे निरोपही घाऊक असतात. त्या वर्षी चौघं होते. सन्मानपत्रांचं काम अर्थात माझ्याकडे. मजकूर मराठी विभागाने दिला होता: मृदुभाषी, मनमिळाऊ, सर्वांना सोबत घेऊन चालणारे. चौघांनाही तोच. मी नावं, विषय, तारखा भरल्या आणि जळगावच्या छापखान्यात पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी छापखान्याच्या शेठजींचा फोन.

‘मॅडम, तिघांची जन्मतारीख आली, भूगोलवाल्या सरांची राहिली.’

‘राहिली नाही, शेठजी.’

‘नाही कशी? जागा खाली आहे ना. एक जूनच टाकून देऊ? एकतीसला रिटायर म्हणजे एक जूनच असणार.’

‘टाकू नका. रिकामीच ठेवा.’

पलीकडे मशीनचा आवाज येत होता. शेठजींच्या घराण्याने तीन पिढ्या लग्नपत्रिका छापल्यात, मुलाकडच्यांनी मुहूर्त कळवला नाही तरी त्यांनी कधी जागा सोडली नाही. ‘वाईट दिसेल हो,’ ते म्हणाले. ‘लोक म्हणतील छापखान्याने खाल्ली. असं करा, निदान एक डॅश तरी टाकतो.’

‘शेठजी,’ मी म्हटलं, ‘वाटलं तर नाव गाळा. पण डॅश टाकू नका.’

कार्यक्रमात बाकी तिघांनी शाल घेतली, नारळ घेतला, सन्मानपत्र काखेत धरलं आणि फोटोसाठी हसले. सरांनी शाल खांद्यावरून काढून खुर्चीवर ठेवली, खिशातून चष्मा काढला आणि सन्मानपत्र पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. प्राचार्य हस्तांदोलनाचा हात पुढे करून उभे. खाली नसरीन मोबाइल धरून थांबलेली. सरांनी मान वर न करता तिला विचारलं, ‘लोकेशन चालू आहे ना?’

‘आहे, सर.’

ते वाचत राहिले. मृदुभाषीवर थोडे रेंगाळले, मनमिळाऊवर भुवई वर गेली. मग बोट खाली सरकलं आणि जन्मदिनांकापुढच्या कोऱ्या जागेवर थांबलं. कागद थोडा उजेडाकडे धरून त्यांनी तिथे खरंच काही नाही ना, हे तपासलं. चष्म्यावरून सभागृहात बघत मला शोधलं. मी दुसऱ्या रांगेत होते, मांडीवर कार्यक्रमाची यादी होती.

सरांनी माइक जवळ ओढला.

‘हाई एकच ओळ खरी शे,’ ते म्हणाले. ‘बाकी बठ्ठं खोटं शे.’